दुसऱ्या खुर्चीवरून

४ जानेवारी

चि. भोंगू,

आशीर्वाद नेहमीचेच, त्यात यंदा वाढ-घट काही नाही.

काल रेडिओवर तुझा कार्यक्रम ऐकला. निवेदकाने आधीच सांगून टाकलं, की अशी बोटं आणि असा दम सध्या दुसऱ्या कोणाकडे नाही. म्हटलं, झालं, आता लागणार दृष्ट. मग तू सुरू केलंस. आधी बरं चाललं होतं. नंतर जी पळत सुटलीस ती थांबेचनास. कोणी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना चढावा तसं. आणि शेवटी तो वरचा सूर. तो तू इतका वेळ धरून ठेवलास, की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेजारची शिवणवाली ऐकायला आली होती, ती म्हणाली, "आजोबा, वाजवतेय ती तिकडे, तुम्ही इकडे का लाल झालात?" तिला काय जातंय म्हणायला.

माझा जन्म इस्पितळाच्या धुलाईखान्यात बॉयलरसमोर गेला. प्रेशरचा काटा लाल रेघेकडे सरकला, की मी झडप उघडायला धावायचो. तू वाजवतेस तेव्हा मला तो काटा दिसतो. एवढी वाफ माणसाच्या तोंडात मावते कशी? पेपरातल्या फोटोत तुझ्या मानेची शीर दिसत होती. दुसऱ्या बाजूने काढ म्हणून सांगायचंस त्याला.

छान झालं असं सगळे म्हणतात, तर छानच झालं असणार. मी जेमतेम पाचवीपर्यंत शिकलेला, मला गाण्याबजावण्यातलं काय कळतं. संपलं तेव्हा हायसं वाटलं, एवढं मात्र कळलं.

कुठे दुखतंय का ग? खरं सांग.

तुझा,
बाबा

ता. क. ती पिपाणी कोमट पाण्यानेच धू. गार धातू ओठाला लावू नये.


१६ जानेवारी

बाबा, नमस्कार.

पिपाणी नाही, ट्रंपेट. शिवणवालीच्या मांजराचं नाव तुम्ही दोन दिवसांत शिकलात, माझ्या ट्रंपेटनं तुमचं काय घोडं मारलंय?

कोमट पाण्याने धुते. मफलर आहे. दोन्ही वेळा जेवते. आता तुमचे नेहमीचे प्रश्न संपले, तेव्हा उरलेलं सांगते.

त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर काडीवाले साहेबांनी आत बोलावलं. (हातात काडी घेऊन ऐंशी माणसांना एकत्र ठेवणाऱ्या आमच्या संचालकांना तुम्ही ठेवलेलं हे नाव एक दिवस त्यांच्या तोंडावर निघणार माझ्याकडून.) म्हणाले, "तुला सगळं वाजवता येतं. पण तुला सांगायचंय काय, ते मला अजून कळलेलं नाही." मी हसले. जिना उतरेपर्यंत हसू कुठे गेलं कळलं नाही. इतकी वर्षं मी अवघडातलं अवघड सोपं करून दाखवते आहे, आणि त्या माणसाला वाटतं की मी मुकी आहे.

तरीही मार्चमधला मोठा कार्यक्रम त्यांनी मलाच दिलाय. मागे सगळा ऑर्केस्ट्रा बसलेला आणि पुढे मी एकटी उभी. शाळेत होते तेव्हापासून या एका संध्याकाळची वाट बघतेय.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दुखतंय. वरचा ओठ आतून चिरलाय. वरचे सूर काढताना माउथपीस दाबला जातो आणि ओठ दातांवर चिरडतो. दाबू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते आणि घरी येऊन थंड चमचा ओठाला लावून बसते. हल्ली दाबल्याशिवाय वरचे सूर येतच नाहीत. तालमीनंतर रुमालावर रक्त येतं.

डॉक्टर म्हणणार, थांब. थांबले की पहिली खुर्ची, म्हणजे मुख्य ट्रंपेटवालीची जागा, गेली. शेजारी दुसऱ्या खुर्चीवर उंट बसलाय. (सगळे त्याला उंटच म्हणतात, मान बघितलीत तर तुम्हीही म्हणाल.) बोलत काही नाही, नुसता माझ्याकडे बघत असतो. दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस पहिलीकडे का बघतो, हे तुम्हाला सांगायला नको.

कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि तुम्ही इथल्या कोणाला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. कार्यक्रम होईपर्यंत कोणापाशी एक अक्षर काढू नका. नंतर मी आपण होऊन डॉक्टरकडे जाईन.

तुमची भोंगू


२१ जानेवारी

चि. भोंगू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवेना.

मी कोणाला सांगणार? मला ओळखतं कोण? शिवणवालीने विचारलं, "काय म्हणते लेक?" मी म्हटलं, "मजेत आहे." ती म्हणाली, "मग तुम्ही पाणी प्यायचा पेला कपाटात का ठेवलात?" बायका फार चौकस असतात.

असं कर, एक दिवसाआड वाजव. नाहीतर तालमीत हळू वाजव आणि कार्यक्रमात जोरात. कार्यक्रम एक महिना पुढे ढकलता येत नाही का? हॉलला रंग वगैरे द्यायचा नाहीये का त्यांना? आमच्या धुलाईखान्यात रंगाचं काम काढलं, की सगळं बंद असायचं.

तुझी आई असती तर तिने तुला नीट समजावलं असतं. मला समजावता येत नाही, नुसतं घाबरता येतं.

तुझे साहेब स्वभावाने कसे आहेत? म्हणजे आलेली पत्रं ते स्वतः वाचतात, की त्यांचा कारकून? सहज विचारतो. हॉलचा पत्ता तू पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेवर आहेच म्हणा.

काळजी घे.

बाबा


१२ फेब्रुवारी

बाबा,

तुम्ही साहेबांना पत्र लिहिलंत.

त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. "माझ्या मुलीच्या तोंडातून रक्त पडतं, पण ती मानी आहे, तुम्हाला सांगणार नाही. कृपा करून तिला हलकं काम द्यावं." तोंडातून रक्त! त्यांना वाटलं, माझ्या छातीला काहीतरी झालंय. तालीम अर्ध्यात थांबवून मला छातीचा फोटो काढायला पाठवलं. परत आले तर बासरीवाल्या बायका खिडक्या उघडून बसल्या होत्या आणि माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. एकटा उंट तेवढा जागचा हलला नव्हता.

छाती स्वच्छ निघाली. मग डॉक्टरने तोंड उघडायला लावलं. पुढचं काय लिहू? नुसती चीर नाही, ओठाचा स्नायूही दुखावलाय. दीड महिना वाजवायचं नाही. मार्चचा कार्यक्रम उंटाला दिला. परत आले, की दुसऱ्या खुर्चीवर बसायचं, पुढचं पुढे बघू, असं साहेब म्हणाले. फार मायेने म्हणाले, त्याचा जास्त राग आला.

मी तुम्हाला म्हटलं होतं, एक अक्षर नाही. तुम्हाला वडील म्हणून सांगितलं होतं, बॉयलरवाला म्हणून नाही. काटा दिसला की झडप उघडायची, एवढंच येतं तुम्हाला. आत काय शिजत होतं, ते कधी विचारलंत?

इतक्यात लिहू नका. आलेलं पत्र मी उघडणार नाही.


१६ फेब्रुवारी

चि. भोंगू,

उघडणार नाहीस, तरी लिहितो. न लिहिता बसून बघितलं, जमलं नाही.

चूक झाली. ओठाचं लिहिलं तर साहेब हसून सोडून देतील असं वाटलं, म्हणून मुद्दाम तोंड लिहिलं. जरा वजन येईल म्हटलं. हात दाखवून अवलक्षण झालं ते तुझ्या वाट्याला आलं, हे फार वाईट झालं.

तुला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मला ते करता आलं नसतं. हे लिहिताना माझ्याच लक्षात येतंय, की मला ते आधीपासून माहीत होतं.

ओठाला चटका बसेल असं गरम काही खाऊ नकोस.

बाबा


२५ मार्च

चि. भोंगू,

काल उंटाचा कार्यक्रम रेडिओवर झाला. ऐकू की नको, ऐकू की नको असं करत शेवटी ऐकला.

चांगलं वाजवलं त्याने. कुठे अडखळला नाही. मी निवांत बसून चहा संपवला, मधे उठून दारावरच्या माणसाला वर्तमानपत्राचे पैसेही दिले. तू वाजवतेस तेव्हा माझा चहा निवतो. काल निवला नाही, आणि त्यानेच मला कसंतरी झालं. ती संध्याकाळ तुझी होती. ती मी तुझ्याकडून काढून दुसऱ्याच्या पोराला दिली आणि वर चहा प्यालो.

शिवणवाली म्हणाली, "आजोबा, आज लाल नाही झालात." मी तिला म्हटलं, तू घरी जा.

तू कशी आहेस ते कळव असं म्हणत नाही. तू आहेस एवढं कळलं तरी पुष्कळ.

बाबा


१९ एप्रिल

बाबा, नमस्कार.

दोन्ही पत्रं आज एकदम उघडली. शिवणवालीला घरी पाठवलंत ते वाईट केलंत, ती तुमचा पेला शोधून देते.

राग गेला असं लिहिणार नाही. बसलाय कोपऱ्यात, पण आता ओरडत नाही. मी ती संध्याकाळ वाजवली असती तर ओठ टिकला असता की कायमचा गेला असता? डॉक्टरलाही सांगता येत नाही. तुमच्यामुळे वाचले असेन, किंवा तुमच्यामुळे आयुष्यातली एकच संध्याकाळ हुकली असेल. दोन्हींतलं काय खरं, ते आपल्याला कधीच कळणार नाही. निर्णय माझा होता, एवढंच खरं.

आता इथलं ऐका. पहिले कितीतरी दिवस ट्रंपेटची पेटी उघडली नाही. मग थोडं थोडं सुरू केलं, नुसत्या ओठांची भुणभुण, तान्ह्या बाळासारखी. एक खालचा सूर, हळू, न दाबता. बाबा, तो येईना! वरचे सगळे जिने चढणारी मी, आणि तळमजल्यावर उभं राहता येईना. सूर थरथरायचा, मधेच हवा नुसती फुस्स करून जायची. खोलीत एकटी बसून रडले आणि मग हसलेही, कारण वरच्या मजल्यावरचा म्हातारा जिन्यात भेटून म्हणाला, "नळ गळतोय वाटतं तुमच्याकडे."

आता दुसऱ्या खुर्चीवर बसते. पहिल्याच दिवशी उंटाला विचारलं, "माझ्याकडे इतका काय बघत असायचास रे?" तो कानापर्यंत लाल झाला, म्हणजे बराच लांबवर. म्हणाला, "तुझ्या ओठाकडे बघायचो. कधी थकतोय ते कळायला." त्याला सहा महिने आधीच कळलं होतं. रुमाल बघितला होता त्याने. सगळे मिळून जोरात वाजवायचो, तेव्हा तो आपला भाग सांभाळून माझे वरचे सूर माझ्याखालून हळूच धरायचा, म्हणजे मला दम राखता यावा. मला वाटायचं, आज आपला आवाज काय लागलाय! त्यातला अर्धा त्याचा होता. आणि मी त्याला खुर्चीचा भुकेला समजत होते.

"सांगितलं का नाहीस?" म्हटलं. तर म्हणतो, "तू विचारलं नाहीस. आणि दुसऱ्या खुर्चीचं काम सांगायचं नसतं."

आता मी त्याच्यासाठी ते करते. फार अवघड आहे. कोणाला ऐकू येऊ नये, पण नसलं तर जाणवावं, असं वाजवायला मला कधी कोणी शिकवलं नव्हतं.

भोंगू


२४ एप्रिल

चि. भोंगू,

पत्र आलं. शिवणवालीची माफी मागितली. ती म्हणाली, "पत्र आलेलं दिसतंय."

उंटाला माझा नमस्कार सांग. त्याचे आईवडील कुठे असतात? त्यांना पत्र लिहिणार नाही, घाबरू नकोस.

बाकी काही सुचत नाही. बरं वाटलं.

बाबा


२ जून

बाबा, नमस्कार.

अठरा जूनला या. तिकीट आणि गाडीचं आरक्षण सोबत आहे, म्हणजे "बघतो" म्हणायची सोय नाही. त्या दिवशी मला एक छोटा तुकडा एकटीने वाजवायचाय. अगदी संथ, खालच्या सुरांतला. चार ओळींचा असेल नसेल. ज्याच्यासाठी टाळ्या पडाव्यात असं त्यात काही नाही. साहेबांनी दिला तेव्हा मला आधी अपमानच वाटला होता.

तिसऱ्या रांगेत बसवलंय तुम्हाला. लाल होऊ नका. पुढच्या रांगेतल्या लोकांना काळजी वाटते.

भोंगू


२१ जून

बाबा,

नीट पोहोचलात का? पेला जागेवर आहे ना?

तुम्ही निघालात आणि मला आठवलं, की कार्यक्रमाबद्दल आपण काही बोललोच नाही. आत भेटायला आलात आणि माझ्या बुटांबद्दलच बोलत राहिलात. टाच झिजलीय, चांभाराला दाखव, पाय मुरगळेल. मग तुमची गाडी निघायची वेळ झाली.

एक तुम्हाला आधी सांगायला विसरले, त्याची हळहळ वाटतेय. तो तुकडा स्टेजवरून नव्हताच. तो लांबून आल्यासारखा वाटावा म्हणून बाहेरच्या बोळातून, अर्धं दार उघडं ठेवून वाजवायचा असतो. माझी खुर्ची रिकामी बघून तुमचं काय झालं असेल, हे नंतर लक्षात आलं. हॉलमध्ये कसा ऐकू आला? फार लांब वाटला का? दारापाशी उभ्या असलेल्या, स्टेजचं काम बघणाऱ्या सुतारकाकांना विचारलं, तर ते मिशीत हसले नुसते.

आणखी एक. साहेब काल म्हणाले, पावसाळ्यानंतर पहिली खुर्ची परत घे. उंटही म्हणतो, घे, माझी मान दुखते तिथे बसून. डॉक्टर म्हणतो, ओठ टिकेलही, नाही टिकला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि मला, बाबा, दुसरी खुर्ची आवडायला लागलीय. पण वरचे सूरही आठवतात. सकाळी उठल्यावर तेच आधी आठवतात.

तुम्हाला काय वाटतं? या वेळी मी विचारतेय.

भोंगू


२६ जून

चि. भोंगू,

पोहोचलो. टाच खरंच झिजलीय, ते खोटं नव्हतं.

हॉलमध्ये कसा ऐकू आला, ते मला माहीत नाही. मी हॉलमध्ये नव्हतो.

सगळे येऊन बसले आणि उंटाशेजारची तुझी खुर्ची रिकामी. आधी वाटलं, येईल. मग दिवे मंद झाले, साहेब आले, सुरू झालं, तरी तू नाहीस. माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. थोडा वेळ दम धरला. मग उठलो. रांगेतल्या चार जणांचे पाय तुडवले, एका बाईची पर्स पाडली. दारावरचा माणूस म्हणाला, "आजोबा, आता बाहेर गेलात तर परत आत येता येणार नाही." म्हटलं, नका येऊ देऊ. बोळ सापडला तिकडे चालत सुटलो. तुला शोधायचं, डॉक्टर बोलवायचा, साहेबांना थांबवायचं, हे सगळं डोक्यात ठरलं होतं.

आणि वळणावर तू होतीस. माझ्याकडे पाठ होती तुझी. ट्रंपेट कोटाच्या आत धरून ऊब देत उभी होतीस, जसं कोणी मांजराचं पिल्लू धरतं. दार धरलेल्या सुतारबुवांनी मला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी हाक मारणारच होतो. तोंड उघडलंसुद्धा होतं. ते तसंच मिटलं.

मग तू वाजवलंस. मी तुझ्या पाठीमागून ऐकलं. खांदे वर चढले नाहीत, मानेची शीर दिसली नाही. तू दारातून आत वाजवत होतीस आणि मला वाटलं, आत कोणीतरी निजलेलं आहे, त्याला न उठवता तू काहीतरी सांगते आहेस. काय सांगत होतीस ते मला शब्दांत नाही लिहिता येणार. मला तुझी आई आठवली, पण ती आजारी असतानाची नाही, त्याच्या आधीची. मधे एक सूर जरा फाटला. तू थांबली नाहीस. तो फाटलेलाही तसाच पुढे नेलास.

मला भीती वाटली नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. वाटली. पण ती ओठाची नव्हती. आता हे संपणार, याची होती.

संपल्यावर तू वळायच्या आत मी मागे सरकलो. तू आपल्या कामात होतीस, तिथे माझं काही काम नव्हतं. सुतारबुवांनी एक स्टूल दिलं, त्यावर पुढचं सगळं होईपर्यंत बसलो. म्हणून तुला भेटल्यावर काही बोलता येईना आणि बूट दिसले.

आता खुर्चीचं. सल्ल्याची दोन पानं लिहिली होती, ती चुलीत घातली. तू पहिल्या खुर्चीवर बसलीस तर मला धास्ती वाटेल, दुसरीवर बसलीस तर हळहळ वाटेल. ही दोन्ही माझी दुखणी आहेत, ती तू तुझ्या तागडीत टाकू नकोस. तू विचारलंस, त्यातच मला सगळं मिळालं. ठरव तूच. ठरलं की कळव, आणि नाही कळवलंस तरी रेडिओवर मला समजेल, कारण आता मला तुझा आवाज खालूनही ओळखता येतो, दुसऱ्याच्या सुराखाली असला तरी.

बस जिथे बसायचं तिथे, आणि वाजव. मी इकडे घाबरत असेन, पण ऐकत असेन.

तुझा,
बाबा